आईचा फोन पुसताना

वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात माहितीची सुरक्षा बघणं हे माझं काम. कोणी पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला की मी त्याला तोंडाने नम्रपणे समजावते आणि मनात शिव्या देते. घरी मात्र आईच्या फोनला साधं लॉकही नव्हतं. उभा जन्म कणीक मळून आणि भांडी घासून झिजलेला तिचा अंगठा फोन ओळखेना. पिन लावून दिला, तर म्हणे, "माझ्याच घरात शिरायला मी परवानगी मागू?" शेवटी मीच तो काढून टाकला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्यात आमच्या घरची पद्धत अशी, की महत्त्वाचं असेल ते आईकडे ठेवायचं. पूर्वी ते लोखंडी कपाटात साड्यांखाली जाई, आता व्हॉट्सॲपवर जातं. पासपोर्ट, आधार, इथे आयर्लंडमध्ये राहायचं माझं कार्ड, नाशिकच्या बहिणीच्या मुलींचे दाखले, सगळ्याचे फोटो आईला. अख्ख्या खानदानाची ओळख बाई पर्समध्ये घेऊन फिरत होत्या.

वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे, आयर्लंडमधल्या नावन गावी आली. टॅला नावाच्या उपनगरातल्या हॉस्पिटलात माझ्या मैत्रिणीचं ऑपरेशन झालं होतं, तिला भेटून आम्ही ट्रॅमने परतत होतो. आईने पर्स चाचपली. फोन नव्हता. ट्रॅमच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "उद्या फोन करा, इट'ल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे ठीक, पण इथे त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

घरी येऊन लॅपटॉपवर नकाशा उघडला. टॅलातल्याच एका वस्तीत आईचा फोन ठिपका होऊन फिरत होता. इथूनच त्याला लॉक लावायचा प्रयत्न केला, ते काही लागेना. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. आईच्या नंबरवरून तिला मेसेज आला होता, तुला आलेला ओटीपी मला पाठव म्हणून. इंग्रजीत. आईने आजवर तिला इंग्रजीत एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी आईला म्हटलं, "सगळं डिलीट करावं लागेल गं."

"ह्यांचे मेसेजपण?"

वडिलांना टाइप करायचा कंटाळा. मंडईतून, बँकेतून, कुठूनही ते स्वतःच्या आवाजात बोलून मेसेज पाठवायचे. त्यांची दुसरी प्रत कुठे नव्हती. बॅकअप मी लावून दिला होता, पण शुभ सकाळच्या गुलाबांनी जागा भरून तो केव्हाच बंद पडला होता. त्या गुलाबांचा मला भयंकर राग आला.

नोकरीत हा सल्ला मी एका वाक्यात देते. इथे जीभ उचलेना. "थोडं थांबू या का?" मी म्हटलं. "लॉक लागेलही कदाचित."

"आणि तोवर तुमचे पासपोर्ट, पोरींचे दाखले?" ती म्हणाली. "पूस तू. मला सगळे पाठ आहेत."

मी बटण दाबलं. खात्री आहे का, असं विचारणारी चौकट आली. पुन्हा दाबलं. ठिपका नकाशावरून गेला. आई चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी नव्या फोनला तिने मुकाट्याने पिन लावू दिला. मग शेंगा सोलायला बसली, आणि सोलता सोलता वडिलांच्या धाटणीत म्हणाली, "कोथिंबीर मिळाली नाही. लिंबं घेतलीयत. तू गॅस बंद केलास ना?" शब्द न् शब्द त्यांचा. मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली.

"ऐक ना," तिने विचारलं, "ह्यात ते मध्येच खाकरले होते बघ. ते कोथिंबिरीनंतर की लिंबांनंतर?"

मी तो मेसेज कधी ऐकलाच नव्हता.