धुक्यावरचं एक वाक्य

आमच्या घरात भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून, आणि ती गोष्ट तयार होते जपानमध्ये!

माझी बायको जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमांची मराठी सबटायटल्स लिहिते. पडद्याच्या तळाशी ओळी येतात ना, त्या. त्या सिनेमांना मी एकदा 'कार्टून' म्हणालो, तर बाईसाहेब दिवसभर माझ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. मी आपला न्हावी माणूस. सलूनमध्ये कात्रीबरोबर माझी जीभही चालते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की दाढी होईस्तोवर त्याची सगळी कुंडली माझ्या हातात. त्यामुळे सिनेमात मला गोष्ट लागते. कोण आलं, कोण रुसलं, पुढे काय झालं? आणि हिला काय लागतं? आकाश!

"हे ढग बघ, ढग!"

"बघितले. पण तिचा भाऊ कुठे गेला?"

"अरे, ढग बघ ना आधी!"

ढग झाले की काचेवरून ओघळणारं पाणी. पाणी झालं की वाडग्यातली वाफ. कबूल आहे बाबा, डोळ्यांचं पारणं फिटतं! केसांच्या बाबतीत तर मी त्या चित्रकारांपुढे साष्टांग दंडवत घालीन. वारा सुटला की बट न् बट वेगळी हलते, मानेवरचे बारीक केस सगळ्यात शेवटी. पण काही काही सिनेमे असे, की दोन तास नुसते देखणे, आणि गोष्ट विचारावी तर तोंडात मिठाची गुळणी. असं म्हटलं की ही भडकते. "तुला सगळं कुणीतरी कानात सांगायला हवं," म्हणते. "चित्र काय सांगतंय ते बघायला शिक."

तिचं काम बघण्यासारखं असतं. ओट्याशेजारी छोटं टेबल, कानाला हेडफोन, एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं, मग मराठीत पुटपुटायचं, मग छाटायचं. अजून छाटायचं. मी केस कमी करतो, ती शब्द कमी करते. "माझी ओळ म्हणजे चित्रावरचा डाग," असं तिचं ठाम मत. "जेवढा लहान तेवढा बरा."

आता गंमत अशी, की ही या धंद्यात आली तीच मुळी गोष्टीपायी. माझे सासरे बसचे ड्रायव्हर होते, आणि सिनेमाचे भयंकर वेडे. सिनेमा बघून आले की तो अख्खा घरच्यांना सांगायचे. मारामारीसकट! मग एका आजारपणात दोन्ही कान गेले ते गेलेच. तेव्हा ही शाळकरी पोर होती. टीव्हीसमोर बाबांच्या शेजारी बसून पाटीवर लिहायची, 'तो म्हणतोय मी येणार नाही.' 'ती म्हणतेय जा मर.' बाबा वाचायचे आणि खूश व्हायचे. पण सिनेमाघराचं नाव काढलं, की मान हलवायचे. "नुसती तोंडं हललेली बघायला कशाला येऊ?" आणि एक झालं, ते गोष्टी सांगायचे ते थांबले. घरात असून नसल्यासारखे झाले.

म्हणून ज्या दिवशी हिला मोठ्या पडद्याचा सिनेमा मिळाला, त्या दिवशी हिनं मला ओट्यापाशी गरागरा फिरवलं. आतापर्यंत सगळं काम मोबाईलवर बघायच्या सिनेमांचं. हा थेट सिनेमाघरात लागणार होता! "बाबा येतील," ती म्हणाली. "या वेळी बाबांना सगळं कळेल. नाही कळलं तर ते पुन्हा कधी पाऊल ठेवणार नाहीत, सांगून ठेवते."

सिनेमा असा. एक म्हातारा आणि त्याची नात तळ्यावर इंजिनाची नाव चालवतात, लोकांना पलीकडे पोचवतात. तळ्यावर पूल होतोय. पूल झाला की नाव बंद. नातीला वाटतं, अजून खूप वेळ आहे. मग एका पहाटे धुक्यातून नाव निघते. अहो, काय ते धुकं! आधी राखाडी, मग दुधासारखं, मग कुठूनतरी उजेड झिरपायला लागतो आणि पाण्याची एकेक सुरकुती सोन्याची होते. मला, मला गप्प बसवलं त्या धुक्यानं! या सबंध जागी हिनं एकही शब्द ठेवला नव्हता. "इथे डाग नको," म्हणाली. मी म्हटलं, "बरोबर आहे."

शुक्रवारी सिनेमा लागणार, त्याआधी बुधवारी दुपारी कंपनीच्या लोकांसाठी चाचणीचा खेळ होता. बाबांना मी स्वतः तयार केलं. केस कापले, दाढी केली, कानांवरचे केससुद्धा काढले. "कानांचा काय उपयोग," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत बसले आमच्या दोघांच्या मध्ये.

धुकं आलं तसं मागून कुणीतरी 'आहाहा' म्हणालं. हिनं बाबांच्या पाठीमागून हात घालून माझा खांदा असा दाबला, की मी कळवळलो. शेवटी नात काठावर येते, नाव जाग्यावर नसते, आणि ती तिथेच फतकल मारून बसते. थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज. मीही डोळे पुसले. दिवे लागले, हिच्या साहेबीणबाई टाळ्या वाजवत आल्या. "पुढचे तीन सिनेमे तूच करणार!" झालं, माझी छाती फुगली. बायको माझी ना!

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "धुक्यात म्हातारा काय बोलला?"

बाबांचा आवाज म्हणजे बसच्या टपावरच्या माणसाला हाक मारल्यासारखा. सगळे वळले.

हिनं हातानंच खूण केली, काही नाही, काही नाही.

"बोलला तो," बाबा म्हणाले. "पाठ होती आपल्याकडे, पण खांदे हलले. काहीतरी बोलला." मग इकडेतिकडे बघितलं, सगळ्यांचे ओले डोळे बघितले. "असू दे. घरातही असंच असतं." यात राग नव्हता हो. रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं. "धुकं मात्र फार सुंदर होतं गं. वाचायचं नव्हतं, त्यामुळे डोळे भरून बघता आलं."

ही वळून कोऱ्या पडद्याकडे बघायला लागली.

म्हातारा बोलला होताच. 'ही शेवटची फेरी,' एवढंच. इंजिनाच्या आवाजात नातीला ते ऐकू जात नाही. आम्हाला जपानी कुठे येतं? पण आवाज असा काही कापरा झाला होता, की काय ते आम्हाला कळलं. म्हणून तर शेवटी रडलो. आणि बाबांच्या लेखी नाव आपली उगाच नाहीशी झाली! दिवसचे दिवस हेडफोन लावून तो आवाज ऐकणारी माझी बायको, पाटी घेऊन बसलेली ती पोर, तिला वाटलं की आवाजच सगळं सांगतोय. कोणासाठी लिहायचं, तेच विसरली.

घरी आल्यावर आमची पार अदलाबदल झाली. मी चित्राच्या बाजूनं, ती गोष्टीच्या!

"अगं, एवढ्या सुंदर धुक्यावर अक्षरं? शोभतील का?"

"शोभू देत, नाहीतर नको शोभू देत."

"ते स्वतःच म्हणाले ना, डोळे भरून बघता आलं?"

"म्हणाले. आणि दुसरंही म्हणाले. तू दुसरं ऐकलंस की नाही?"

मी ऐकलं होतं.

तिनं साहेबीणबाईंना फोन लावला. बाई फटकन म्हणाल्या, "कशाला हात लावतेस? सगळ्यांना आवडलंय."

"त्या सगळ्यांना ऐकू येत होतं, मॅडम."

"बदल करायचा तर तुझ्या जबाबदारीवर. लोकांचा विरस झाला तर पुढच्या सिनेमांचं मला काही विचारू नकोस."

"चालेल," ही म्हणाली. मी तीन बोटं नाचवून पुढचे तीन सिनेमे आठवून दिले. हिचा हात मात्र कीबोर्डवर आधीच चालू झालेला!

गुरुवारी ती जागेवरून हलली नाही. मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला, तो मीच प्यायलो. नाव सुटायच्या आधी काठावर नात सारखी बडबडते, 'केवढं हे धुकं', 'किती थंडी', असलं. हिनं ते निम्म्याहून जास्त उडवलं. "धुकं बाबांना दिसतंय की! ते वाचायला नजर कशाला खाली आणायची?" मग म्हाताऱ्याचं वाक्य ठेवलं, तो बोलेल तेवढाच वेळ. ते गेलं की पुन्हा पडदा कोरा. आठ वेळा मागेपुढे केलं असेल. शेवटी म्हणाली, "आता डाग नाही वाटत." मीही बघितलं. खरंच नव्हता वाटत. धुकं तसंच होतं, पण आता मी त्यात म्हाताऱ्याची पाठ शोधत होतो.

शुक्रवारी थिएटर गच्च! बाबा यायला तयार नव्हते. "परवाच बघितला की," म्हणत होते. हिनं हाताला धरून आणलं.

धुकं आलं. उजेड झिरपायला लागला. बाबांची नजर वर, पार वर, चित्रात बुडालेली. मग म्हाताऱ्याचे खांदे हलले आणि तळाशी पांढरी अक्षरं उमटली. बाबांनी वाचलं. अक्षरं गेली. बाबा पुन्हा वर बघायला लागले, आणि त्यांच्या हाताची माझ्या मनगटावर पकड बसली.

"पोरीला ऐकू गेलं का?"

अख्ख्या थिएटरला ऐकू गेलं! पुढच्या रांगेतली डोकी वळली. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो. आमची ही मात्र वळली, बाबांच्या तोंडासमोर तोंड आणलं, पडद्याचा उजेड तिच्या गालावर पडला, आणि तिनं ओठ नीट हलवत, मोठ्यानं सांगितलं, "नाही, बाबा! तिला ऐकूच नाही गेलं!"

बाबा अर्धवट उठले. हात पडद्याकडे करून, सबंध थिएटरला उद्देशून ओरडले, "अरे, मग सांगा ना तिला कुणीतरी!"

कुणीही त्यांना गप्प केलं नाही. बाबा तसेच उभे होते, हिनं त्यांचा शर्ट धरून ठेवला होता, आणि पडद्यावर नाव पलीकडच्या काठाला लागत होती.