मामांच्या डोळ्यावर नेम

नगरच्या आमच्या बंदुकीच्या दुकानात बिभीषणमामा तीस वर्षं आहेत. मातीच्या उडत्या चकत्या फोडायच्या खेळासाठी कुणी स्वस्तातली बंदूक मागितली, की मामा म्हणतात, "किंमत मागनं इचारा. आदी खांद्याला बसती का बगू." मग बंदूक उघडून ती रिकामी असल्याची खात्री करतात आणि समोर उभे राहतात. "माझ्या डोळ्यावर नेम धरा. चापाला बोट लावायचं न्हाई." दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, मापाचा असेल, तर नळी बरोबर त्यांच्या बुबुळावर येते. भल्याभल्यांचे हात कापतात. मला तर हा आचरटपणा कधीच पटला नाही.

काल केदार नावाचे एक गृहस्थ आले. मामा बंदूक तपासत होते, तेव्हा हे गृहस्थ मोबाईलमध्ये गुंग होते. सगळ्यात स्वस्त दुनळी त्यांनी खांद्याला लावली. नेम अचूक आला. हात जरासुद्धा हलला नाही. आणि त्यांनी चाप ओढला. खट्!

"रिकामीच तर होती," ते हसले.

"व्हय. पर ते मला ठावं हुतं," मामा म्हणाले. "तुमाला न्हाई."

केदाररावांनी बंदूक अजून खाली घेतली नव्हती.

"छान बसते," ते म्हणाले. "हीच द्या."