रामीबाईचे आरसे

मुकुटबनच्या भागात शंकरसिंगसारखी कापसाची ट्रॉली कोणी भरत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. तोंडाला कधी लगाम नसलेला हा गडी एकाच गोष्टीला लाजायचा, ती म्हणजे बायकोचा पोशाख. आमच्या बंजारा तांड्यातल्या बाकीच्या बाया केव्हाच साडीवर आल्या होत्या. रामीबाई मात्र घेरदार घागऱ्याचा फेटिया, कांचळीची चोळी आणि आरशांची ओढणी सोडायला तयार नव्हती. वणीच्या बाजारात लोक वळून पाहत, म्हणून शंकरसिंग तिच्या बराच पुढे चालायचा. जणू ही बाई कोण, याला ठाऊकच नाही!

दोन हजार पाचचा डिसेंबर होता. कापसाला कोणी विचारत नव्हतं. जरा दंव लागलं की व्यापारी बोटांनी चाचपून ‘ओला आहे’ म्हणत आणि भाव पाडत. त्या बोटांना कापूस कधी कोरडा लागल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून शंकरसिंगनं ताडपत्री मागच्या बाजूला पार खालपर्यंत ओढून बांधली. तिच्याखाली ट्रॉलीच्या मागच्या, उजेड पडला की चमकणाऱ्या लाल चकत्या झाकल्या गेल्या, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. कापूस माझाही होता, त्यामुळे वणीला निघालेल्या ट्रॅक्टरवर शंकरसिंग आणि रामीबाईसोबत मीही होतो.

उजाडलं होतं, पण धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. एक वळण घेतलं आणि ट्रॉलीचा टायर फुटला. ट्रॉली हमरस्त्याच्या मधोमध तिरपी बसली. मागून राजूरच्या खाणीकडे परतणारे रिकामे ट्रक यायचे, आणि रिकामा ट्रक कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

मी चाकाला दगड लावत होतो. शंकरसिंग ताडपत्री वर करायला धावला, पण दंवानं दोर आवळला होता, गाठ सुटेना. तेवढ्यात लांबून इंजिनाची घरघर आली.

“तुमी गाठ सोडा, मी मांगं जातो,” रामीबाई म्हणाली.

“पागल झाली काय? या धुक्यात ट्रकवाल्याले तू दिसशील काय?”

“मी नाई दिसणार. आरसे तं दिसतीन.”

तिनं ओढणी काढून दोन्ही हातांत पसरली आणि वळणाकडे पळाली. क्षणात दिसेनाशी झाली.

घरघर वाढत गेली. शंकरसिंग गाठ टाकून तिच्यामागे धावला, “रामी! रामी!” त्यानं तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. ब्रेक करकरले. मग काहीच ऐकू येईना.

मी पोचलो तेव्हा ट्रक वळणावर आडवा थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, “बाई दिसलीच नाई, भाऊ. लाइटीत काईतरी लुकलुकलं, म्हून ब्रेक मारला.”

रामीबाई कडेच्या गवतात ओढणी छातीशी धरून बसली होती. शंकरसिंग तिच्यासमोर उकिडवा बसून रडत होता, आणि आमच्यापासून ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं.

कापसाला दंव लागलंच, भावही पडला. शंकरसिंगनं व्यापाऱ्यानं सांगितला तो भाव घेतला. त्या दिवशीही बाजारात लोक वळून पाहत होते. तो तिच्या मागून चालत होता, आणि ओढणी खांद्यावरून घसरली की सारखी करत होता.