नऊ-शून्य, म्हणजे साडेचार

आमच्या टेबलावर माझ्या शब्दाला निम्मा भाव होता. हा ठराव कधी मंजूर झाला ते आठवत नाही, पण पाळला मात्र फार कडक गेला. उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉटेलात आम्ही तिघं बसायचो. एकेकाळी एकाच संघातून हॉकी खेळलेले, आता त्याच संघाच्या मॅचेस मैदानाच्या कठड्यावर बसून बघणारे. स्टिक सुटून जमाना झाला तरी एकमेकांना हाक मारायची ती खेळायच्या जागेनंच. मी सेंटर-हाफ, दुसरा गोली, तिसरा लेफ्ट-आऊट.

मी सांगायचो, आज मॅचला दोन हजार माणूस होतं. लेफ्ट-आऊट बशीत चहा ओतता ओतता म्हणायचा, "म्हणजे हजार." मी सांगायचो, पोरानं असा फटका हाणला की मागं जाळी नसती तर बॉल दौलताबादच्या खंदकातच सापडला असता. तो म्हणायचा, "म्हणजे अर्ध्या वाटेवर, पडेगावात." गोली यात कधी पडायचा नाही. त्याचा शब्द पुऱ्या भावानं चालायचा, कारण एका फायनलला पंचांना दिसलं नव्हतं तरी बॉल रेषेच्या आत गेला होता असं त्यानं स्वतःहून सांगितलं आणि आम्हाला हरवलं. त्या दिवशी आम्ही सगळे त्याला मारायला धावलो. पुढं कुठंही साक्ष काढायची वेळ आली की त्यालाच बोलवू लागलो.

मॅच झाली की टेबलावर संघ मांडायचा. रिकामे ग्लास फॉरवर्ड, बशा त्यांच्या मागचे हाफ, साखरेची बरणी गोली. मग हा ग्लास तिकडं, ती बशी इकडं, यावरून असे वाद की हॉटेलवाल्याला धुवायला एक ग्लास मिळायचा नाही. उभ्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "थांबा जरा, त्यांचा हाफटाईम होऊ द्या."

लेफ्ट-आऊट वेरूळ-अजिंठ्याला टुरिस्टांची गाडी चालवायचा. समोरच्याला चुकवून डावीकडून पुढं काढायची खोड गाडीतही गेली नव्हती. त्याच्या शेजारी बसून मी वेरूळचा घाट चढलोय आणि कैलास लेणं दिसायच्या आधी खुद्द कैलास दिसलाय. पण त्याला साखर निघाली. साखरेनं आधी डोळे नेले, मग गाडी, मग किडन्या. डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि आमचं टेबल उठून त्याच्या खाटेपाशी गेलं. ग्लासांच्या जागी औषधाच्या बाटल्या आल्या. खोकल्याची उंच बाटली सेंटर-फॉरवर्ड, मलमाच्या डब्या हाफ. तो बोटांनी चाचपून संघ बघायचा, आणि एखादी डबी मी गुपचूप सरकवली तर लगेच म्हणायचा, "फाऊल."

संघाची तेव्हा दशा होती. लेफ्ट-इनला चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली, तो गेला, आणि डावी बाजू मेली. हरून यायचं, खाटेपाशी बसायचं, बाटल्यांकडं बघायचं. वहिनी म्हणायच्या, "मयतीला बसल्यावाणी काय बसता? चहा घ्या."

एका दुपारी आम्ही पोचलो तर बाटल्या आधीच मांडलेल्या. संघाच्या आत्ताच्या लेफ्ट-आऊटला आत ओढून लेफ्ट-इन केलेलं, आणि त्या मोकळ्या जागेत चक्क लेफ्ट-हाफची डबी पुढं काढलेली.

"हाफला फॉरवर्ड?" मी म्हणालो. "डोकं फिरलं का तुझं?"

"त्या पोराची रिव्हर्स स्टिक चांगली हाय म्हणालास ना तूच? मागं ठेवून काय लोणचं घालता?" तो म्हणाला. "कोचला सांग जाऊन."

कोच म्हणजे शाळेत पीटी शिकवणारा मास्तर. आंधळ्या माणसानं मलमाच्या डब्यांवर बसवलेला डाव तो कशाला घेतोय? म्हणून मी त्याला सांगितलं की वेरूळला पंजाबकडचे एक पाहुणे आले होते, देशाच्या संघाला शिकवून रिटायर झालेले, लेणी बघता बघता त्यांनी मला ही डावीकडची जोडी दगडावर खडूनं काढून दाखवली. कोच आमच्या टेबलावर बसत नसल्यामुळं त्याला निम्म्याचा नियम माहीत नव्हता. त्यानं अख्खं घेतलं.

लेफ्ट-आऊटला मी कळवलं, "तुझी जोडी घेतली कोचनं."

"म्हणजे ऐकून घेतली," तो म्हणाला. पण मॅचच्या रविवारी, वहिनींनी नंतर सांगितलं, त्यानं इस्त्रीचा शर्ट मागितला आणि सकाळपासून खाटेवर उठून बसला.

त्याच आठवड्यात वहिनींनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी गाठून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता डायलिसिसचाही उपयोग नाही, घरीच ठेवा, पथ्य सोडून द्या, आवडेल ते खाऊ घाला. "त्यांना कळू देऊ नका," वहिनी म्हणाल्या. "फेरी पुढं ढकलली एवढंच सांगितलंय. घाबरट हायेत लई. इंजेक्शनला माझा हात धरतात."

तर त्या रविवारी मॅच झाली. मी आजवर जितक्या मॅचेस फुगवून सांगितल्या त्या सगळ्या एका तराजूत घातल्या तरी हिचं पारडं खाली गेलं असतं. तो हाफ डावीकडून सुटला की समोरची पोरं ऊन चुकवायला बाजूला सरकल्यासारखी सरकायची. आत ओढलेला संघाचा लेफ्ट-आऊट गोलसमोरच्या डीच्या तोंडाशी उभा, यायचा बॉल आणि सारायचा जाळीत. नऊ-शून्य. फुगवायला जागाच नव्हती. गोली पेढे घ्यायला गेला आणि मी रिक्षा करून सुटलो.

"किती?" मी दारात पोचतो तोच त्यानं विचारलं.

"नऊ-शून्य."

"म्हणजे साडेचार," तो म्हणाला. "अर्धा गोल कुणी मारला रे?"

वहिनी हसल्या, मीही हसलो. "नाय रे. आईच्यान, नऊ."

"शपथ घेतली म्हणजे पाव भाव."

मी सगळं सांगायला बसलो. हाफ कसा सुटला, पहिला कसा गेला, पाचवा कसा गेला. तो ऐकत होता, आणि हळूहळू त्याचा मलमाच्या डबीवर फिरणारा अंगठा थांबला.

"सेंटर-हाफ, एक खरं सांग. डॉक्टर काय बोलला?"

"डॉक्टर कुठून आला मधेच?"

"तू दुप्पट बोलतो, ठावं हाय मला. ती गंमत झाली. पण मी बसवलेल्या जोडीनं नऊ?" त्यानं वहिनी ज्या बाजूला असतात तिकडं तोंड वळवलं. "एवढं तर माणूस मरणाऱ्यालाच सांगतो."

वहिनींच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही आणि पुढंही आणला नाही, नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी मोबाईलवर काढलेली मॅच खिशात होती, पण ती दाखवायची कुणाला? आजपर्यंत मी थापा मारल्या त्या सगळ्या वरच्या दिशेनं. खाली कसं उतरायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"बरं बाबा," मी म्हणालो. "पकडलंस. दोन-एक. तेही शेवटच्या मिनिटाला, पेनल्टी कॉर्नरवर. बॉल कुणाच्या तरी पायाला लागून गेला."

त्यानं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग आला. "आत्ता कसं."

"निम्मं नाय करत?"

"एवढ्याशा आकड्याला काय कापायचं? खाल्लेला गोल कसा खाल्ला ते सांग."

मग मला गोल रचावा लागला. त्यांचा राइट-आऊट, उंच, सावळा, लांब पायाचा. आमचा हाफ पुढं गेलेला पाहून मागच्या मोकळ्या जागेतून आला आणि गोलीच्या डाव्या हाताखालून सारला. मी सांगत गेलो तसा तो गडी मलाच दिसायला लागला.

"व्हय," लेफ्ट-आऊट म्हणाला. "चूक माझीच हाय. हाफ लई पुढं काढला मी." आणि ज्या जोडीनं नऊ गोल केले होते ती त्यानं माझ्या डोळ्यांदेखत मोडली. डबी मागं घेतली, शेजारची एक तिरकी लावली. "कोचला सांग, डावी मागं आवळून घे म्हणावं."

बाहेर गोलीच्या चपला वाजल्या. मी उठून दारात त्याला अडवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स.

"मी नाय बोलणार खोटं," गोली म्हणाला.

"मग नऊ सांग. आणि तो डॉक्टरचं विचारील, तेही खरं सांग."

गोलीनं बॉक्सची दोरी सोडली. मग आत गेला.

"गोली आला का?" लेफ्ट-आऊट म्हणाला. "तू सांग रे. किती?"

गोलीनं त्याच्या हातात पेढा ठेवला. "दोन-एक."

"मग पेढे कशापायी?"

"जिंकलो ना."

त्यानं पेढा तोंडाशी नेला, तेवढ्यात वहिनी पुढं झाल्या आणि तो हातातून काढून घेतला. "साखर हाय ना तुम्हाला? लहान पोरावाणी हात सुटतो नुसता." आवाज अगदी रोजच्यासारखा चढा. तो कुरकुरला, गोलीकडं तक्रार केली, बायको कशी जाच करते ते सांगितलं. इतका खुशीत होता. वहिनी तो पेढा मुठीत धरून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पावसाळा लागायच्या आत तो गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं दोन-दोन शब्द बोलली. कोचही उभा राहिला. जाण्याआधी आमच्या नऊ-शून्यचा आनंद त्यांना मिळाला हे आमचं भाग्य, असं म्हणून बसला. मग मी उठलो. सांगितलं की ती जोडी पंजाबच्या कुणा पाहुण्याची नव्हती, खाटेवर बसून यानं बसवली होती. समोर जुन्या संघातले एक-दोघं ओठात हसले. त्यांनी निम्मं वजा केलेलं मला दिसलं. माझ्या शेजारचा गोली उठला.

"त्याचीच होती," एवढंच म्हणाला आणि बसला. कुणी हसलं नाही. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. ज्याला ते ऐकायचं होतं तो हार घातलेल्या फोटोतून दुसरीकडंच बघत होता.

पुढच्या आठवड्यात कोच आपल्या पायानं हॉटेलात आला, आमच्या टेबलावर बसला आणि विचारू लागला, त्यांनी आणखी काही सांगितलं होतं का. मी ग्लास-बशा घेतल्या आणि त्या दिवशीची दुसरी मांडणी लावून दाखवली. हाफ मागं, शेजारचा तिरका, डावी आवळलेली.

कोचनं मागं घेतलेल्या बशीवर बोट ठेवलं. "पण हे कशासाठी? या बाजूनं तर आपल्याला गोलच कुणी मारला नाही."

"मारला होता एकानं," मी म्हणालो. "उंच, सावळा, लांब पायाचा."

कोचनं गोलीकडं बघितलं. गोलीनं साखरेची बरणी उचलून तिच्या जागेवर ठेवली.

"माझ्या डाव्या हाताखालून गेला," तो म्हणाला.