मठातल्या आत्येचं नाव

शत्रुघ्न मेस्त्री अकरा वर्षं आखातातल्या फरवानियात एका दुकानात फ्रेमा ठोकत होता. कुडाळकडे त्याचे वडील देव्हारे घडवायचे. इथे तो पदव्यांना, लग्नाच्या फोटोंना चौकटी घालायचा. मालक तौफीकभाईंशी वाद घालायचा नाही, एवढं त्याने पक्कं ठरवलेलं. व्हिसा त्यांच्या हातात होता.

बुधवारी तिथल्याच मंगफ भागातून नर्स सेवेरिना एक जुनं तैलचित्र घेऊन आली. गोव्याच्या घरातलं, पोर्तुगीज अमलातलं. काळ्या झग्यातली तरुण नन, डोक्यावर फुलांचा भलामोठा मुकुट.

"लग्नाला उभी आहे की काय ही?" शत्रुघ्नने विचारलं.

"तसंच समजा. मठात शिरायच्या दिवशी नवरीसारखी सजवून चित्र काढलं. मग घरच्यांकडे हेच राहिलं. आईच्या घराण्यातली आत्या. शुक्रवारी आईला पंच्याऐंशी होतायत, तोवर द्या."

तयार सोनेरी चौकट चार बोटं आखूड पडली. तौफीकभाईंनी चित्राच्या तळाच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "इतना काट दे. कौन पढ़ता है?"

पट्टीवर बारीक अक्षरं होती. शत्रुघ्नला एकही लागेना. पण कागदाला पाय लागला तर तो कपाळाशी नेणाऱ्या घरातला तो; अक्षरांवर कात्री चालेना. रंग तडकू नये म्हणून कापडाची ती पट्टी आतल्या लाकडी सांगाड्यावरून गोल वळवून त्याने मागे खिळे मारले आणि सांगितलं, "काट दिया."

शुक्रवारी सेवेरिना आईलाच घेऊन आली. म्हातारी चष्मा पुसून चित्रावर वाकली.

"बाये, हिचं नाव कुठं गेलं?"

"माँजी, फ्रेम छोटी थी," तौफीकभाई म्हणाले. "कटवा दिया."

म्हातारी स्टुलावर बसली. "मठात नाव बदललं तिचं. बापाने ठेवलेलं तेवढं तिथंच होतं. दुसरीकडे कुठंच नाही."

शत्रुघ्नने बोलावं तर खोटेपणा उघडा पडणार, नोकरीवर येणार. त्याने चित्र पालथं घातलं आणि पक्कड उचलली.

"तौफीकभाई, काटा नहीं था. आपसे झूठ बोला."

खिळे निघाले, पट्टी उलगडली. एका अक्षराचाही टवका उडाला नव्हता. म्हातारीने बोट फिरवत वाचलं, "रोझालिना. कायतानची लेक." मग पुन्हा एकदा, नुसतंच, "रोझालिना."

तौफीकभाईंनी टोपी काढून डोकं पुसलं. "अगली बार झूठ बोलना हो तो पहले मुझे बता देना," ते म्हणाले. "मैं नमाज़ से आऊँ तब तक बड़ी फ्रेम बना के रख."

शत्रुघ्नला खूप दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं. मागे सेवेरिना फोनवर कोणाला तरी सांगत होती, केक चारनंतर कापू.