आईच्या फोटोसाठी नांदेड, आणि मग गंजगोलाई

आधीच सांगून टाकते, ज्या फोटोसाठी दोन दिवस पायपीट केली तो फोटो या पोस्टमध्ये नाही. आईने लिहायला परवानगी दिली, फोटो टाकायला दिली नाही. जागांचे फोटो मात्र खाली भरपूर आहेत आणि कुठे किती वाजता उजेड बरा असतो तेही लिहिलं आहे. आपल्या माणसाचा एकट्याचा, नीट फोटो काढायचा कुणाच्या मनात असेल तर त्यांना उपयोग होईल.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. लातूरला गंजगोलाईत आईचं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. मी एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन फिरते. मागच्या महिन्यात जेवताना आई म्हणाली, "परिचय मेळाव्याचा फॉर्म आणलाय." मी लगेच तोंड वाकडं केलं, कारण मला वाटलं माझ्यासाठीच. "तुझ्यासाठी न्हाई, माझ्यासाठी," असं म्हणून तिने माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली. विधवा आणि विधुरांचा मेळावा होता. आईचं वय एक्कावन्न.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. मग माझीच मला लाज वाटायला लागली आणि मी म्हणाले, फोटो मी काढते. फॉर्मला एकटीचा, अलीकडचा फोटो हवा होता आणि आमच्या घरात आईचा एकटीचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. बाकी प्रत्येक फोटोत शेजारी बाबा तरी आहेत, नाहीतर मांडीवर मी. फॉर्म सोमवारी द्यायचा होता, म्हणून शनिवार-रविवार ठरवला.

नांदेडला जाऊ, असं मीच सुचवलं. गोदावरी आहे, घाट आहेत, किल्ला आहे, संध्याकाळचा उजेड पाण्यावरून येतो. हे सगळं खरंच आहे. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही हेही डोक्यात होतं, ते बोलले नाही. आई म्हणाली, "तू म्हनशील तसं."

शनिवारी सकाळी सातची एसटी पकडली. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायला साडेतीन तास लागले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तातच होतो. रस्ता पूर्वीपेक्षा बराच बरा आहे, पण मागच्या सीटवर बसू नका. लोह्याला गाडी थांबते तिथे गरम भजी मिळाली. आईने एक खाल्लं आणि उरलेली पुडी पदराखाली धरून बसली, साड्यांच्या पिशवीला तेल लागू नये म्हणून. पिशवीत तीन इस्त्रीच्या साड्या होत्या, तिन्ही मी काढलेल्या, फिकट रंगांच्या.

स्टेशनजवळ लॉज घेतलं. हजाराच्या आतबाहेर खोली मिळते, गरम पाणी फक्त सकाळी. चार वाजता किल्ल्याकडे निघालो तेव्हा रिक्षावाल्याने माझ्या कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "कोनत्या लग्नाला आल्या ताई?"

"लग्नाला नाही आलो."

"आज लई मोठी तिथ हाय. अख्खा मराठवाडा नांदेडात हाय. कॅमेरा घेऊन निघाल्या अन् तुम्हाला ठाऊकच न्हाई?"

मोबाइलवर ढग, ऊन, सूर्य कधी मावळतो हे सगळं बघून निघालेली मी. कॅलेंडरचं पान तेवढं उलटलं नव्हतं. फोटो काढणाऱ्या माणसाने लग्नाची तिथी न बघता निघावं म्हणजे कमालच झाली. आई तोंड फिरवून हसत होती, कारण तिच्या दुकानात तिथी तोंडपाठ असते. "मग सांगितलं का नाहीस?" विचारलं तर म्हणे, "तू विचारलं कुठं?"

किल्ला नदीकाठीच आहे. तटबंदीच्या सावलीत साडेचारनंतर चेहऱ्यावर मऊ उजेड मिळतो, जागा खरंच चांगली आहे. फक्त त्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात एकेक जोडपं उभं होतं. एकांनी तर रंगीत धुराच्या नळकांड्या आणल्या होत्या. एक फोटोग्राफर नवरदेवाला ओरडत होता, "हसा की राव, परीक्षेला बसल्यासारखे काय उभे राहून राहिले!" त्यावर आई मनापासून हसली, आणि मी नेमकी लेन्स बदलत होते.

तिथून घाटावर गेलो. नदीला पाणी होतं, सूर्य खाली आलेला, आई पिस्ता साडीत पायरीवर बसलेली. मी तिसरा की चौथा फोटो घेत होते तेवढ्यात वरून हाक आली, "अक्का! तुम्ही हितं?"

अहमदपूरची बाई होती. दर लगीनसराईला आमच्याकडून ब्लाउजपीस नेते, आता बहिणीच्या लग्नाला आलेली. ख्यालीखुशाली झाली आणि मग तिने विचारलंच, "फोटो कशाला काढून राहिल्या?"

आई बोलायच्या आत मी म्हणाले, "पासपोर्टसाठी."

"नदीवर?"

"हो, आता चालतं."

बाईने माझ्याकडे, नदीकडे आणि आईच्या रेशमी साडीकडे पाहिलं. मग परदेशाला कुठं चाललात, हे विचारून झालं. मी दुबई सांगितलं. बाई गेल्यावर मी चाळीसेक फोटो काढले. उजेड सोन्यासारखा होता आणि प्रत्येक फोटोत आई आधार कार्डावरच्यासारखी दिसत होती. मला वाटलं, ती घाबरली असेल.

रविवारी पहाटे गुरुद्वाऱ्यात गेलो. डोकं झाकायला रुमाल तिथेच मिळतो, चपला बाहेर ठेवायच्या. पहाटेचा उजेड संगमरवरावरून असा पसरतो की कुठलाही चेहरा चांगला दिसावा, पण कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नाही. लंगरमध्ये पंगतीत बसून डाळ-रोटी खाल्ली. आई शेजारच्या बाईशी कापडाच्या भावावर बोलत बसली. त्या अर्ध्या तासात ती मला फार मोकळी दिसली.

मग शेअरिंगच्या गाडीतून अर्धापूरला गेलो. तासाभराच्या आत पोचतो. फाट्यावर उतरून थोडं चाललं की दोन्ही बाजूंनी केळीच केळी. एका बागेत विचारून शिरलो. मालकीणबाई म्हणाली, "काढा की फोटो. फक्त पानं फाडू नका बाई. मागल्या हप्त्यात एका जोडप्यानं नाचून नाचून घड पाडला." आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. केळीच्या बागेत चेहऱ्यावर पानांचा हिरवा रंग उतरतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवर काढता काढता नाकी नऊ येतात. हे माझ्या आधी आईने ओळखलं. स्क्रीनवर बघून म्हणाली, "ही साडी पिस्ता न्हाई राहिली, अन् मी बी कच्ची दिसून राहिले."

बांधावर बसून केळी खाताना तिने विचारलं, "काल त्या बाईला पासपोर्ट काहून म्हनलीस?"

"तुला अवघड वाटू नये म्हणून."

"मला कुठं अवघड वाटत होतं?" आई म्हणाली. "फॉर्म मी आनला. मेळाव्याला मी जानार. अवघड तुला वाटून राहिलं, म्हनून मी नांदेडला आले."

महिनाभर मी स्वतःला फार समजूतदार मुलगी समजत होते. लपवायचं होतं ते मलाच, आणि आई माझी लाज सांभाळायला तीन साड्या घेऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर आली होती. मी उठून केळ्याच्या साली पिशवीत भरल्या आणि दुपारच्या गाडीने परत जाऊ म्हणाले.

साडेचारला लातूरला उतरलो. घरी न जाता आईने दुकान उघडलं, लगीनसराईत बंद ठेवणं तिला जमत नाही. गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मध्ये गोल इमारत आणि देवीचं मंदिर, तिथून सोळा रस्ते फुटतात, आणि त्या सगळ्या रस्त्यांवर लातूरचा बाजार भरलेला असतो. फोटोसाठी ही जागा माझ्या यादीत नव्हती. गर्दी, बोर्ड, वायरी, हातगाड्या.

दहा मिनिटांत एक काकू साडी घेऊन आल्या, मोरपिशी पैठणी. मॅचिंग करताना दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबायचं नसतं, रंग फसवतो. म्हणून आई चार तागे काढते, साडीचा पदर घेते आणि दाराशी येऊन दोन्ही उन्हात धरते. दिवसातून पन्नास वेळा करते. त्या दिवशी ती दाराशी आली तेव्हा समोरच्या भिंतीवरून परतलेलं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. डोळे बारीक केलेले, मान जरा तिरकी, आणि रंग जुळला की तिच्या ओठाच्या कडेला येतं ते समाधान. मी रस्त्यात उभी राहून फोटो काढायला लागले. मागून मोटारसायकलवाले हॉर्न मारत होते.

काकूंनी विचारलं, "अक्का, फोटो कशाचा?"

या वेळी मी तोंड मिटून ठेवलं.

"लग्नासाठी," आई म्हणाली.

"अगं बाई! ज्योतीचं जमलं?" काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं.

"न्हाई. माझ्या." आणि ताग्याकडे बघत पुढे म्हणाली, "हा घ्या. तो दुसरा धुतल्यावर उतरल."

शेजारच्या बांगडीवाल्या काकांचा हात बांगड्यांच्या माळेवर तसाच राहिला. मग काकू म्हणाल्या, "बरोबर हाय. एकटं किती दिवस काढायचं?" आणि एक मीटर कापून घेतला. त्या गेल्यावर मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल." आई तागा गुंडाळत म्हणाली, "कळू दे. मला काय सोळा रस्त्यांना वेगवेगळं सांगत बसायचंय?"

घरी येऊन हिशेब मांडला. दोनशेच्या वर फोटो, त्यातले कामाचे सहा, आणि सहाच्या सहा दुकानाच्या दारातले. नांदेडचा किल्ला आणि घाट पुन्हा नक्की करीन, पण तिथी बघून. अर्धापूरला फक्त केळी खायला जाईन. माणसाचा फोटो काढायचा तर तो रोज जिथे उभा राहतो ती जागा आधी बघावी, एवढं मी शिकले, आणि हे शिकायला दोन दिवस एसटीत बसायची गरज नव्हती.

आईने दारातला एक फोटो निवडला. तो चिकटवायला मी फॉर्म पुढे ओढला तेव्हा तो पहिल्यांदा नीट वाचला. तिने सगळे रकाने स्वच्छ अक्षरात भरले होते. नाव, व्यवसाय, उंची, अपेक्षा. खालचा एकच मोकळा होता, 'अपत्यांची संमती व सही'.

"हे राहिलंय," मी म्हणाले.

"ते तुझं हाय," आई म्हणाली.

फॉर्म घरात येऊन महिना झाला होता, आणि तेवढे दिवस ती मला न विचारता थांबली होती. मी 'आहे' लिहिलं आणि खाली घाईघाईत सही केली, नेहमीची, दोन अक्षरांची.

आईने वाकून बघितलं. "अशी नको. पूर्ण नाव लिही. तुझ्या बाबांच्या नावासकट."

मी पूर्ण नाव लिहिलं.