तीन खोल्यांचं संग्रहालय आणि पंधरा ऑगस्ट

आमच्या जोयड्याच्या संग्रहालयात दोन गोष्टी आपोआप वाढतात. वाळवी आणि किस्से. वाळवीला औषध मारता येतं. किश्शांचं काय करायचं, ते मला नऊ वर्षांत कळलेलं नाही!

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या. जुनी भातमापं, टोपल्या, नांगर, थोडे फोटो. माणसंही तीनच. धारवाडहून आलेल्या प्रमुख मॅडम, राखणदार परसूमामा, आणि तिकीट फाडण्यापासून माहिती सांगण्यापर्यंत सगळं करणारी मी. यंदा मॅडमनी ठरवलं, पंधरा ऑगस्टला गावोगावच्या लोकांना बोलवायचं आणि त्यांच्याकडून 'स्वातंत्र्य' रंगवून घ्यायचं. झालं! आठवडाभर माझा पाय एका जागी ठरेना. पाऊस थांबेना, लाइट टिकेना, फोनला रेंज येईना.

"मॅडम, कुणी आलंच नाही तर?"

"आणि सगळेच आले तर?"

मग तर माझी झोपच उडाली!

*

उद्घाटनाला एक चित्रकार येणार होते. कॅसलरॉकपर्यंत रेल्वेने, पुढे जीपने. मामांना स्टँडवर पाठवलं. "पांढरी दाढी, खांद्याला झोळी. नीट बघून आणा."

मामा घेऊन आले. दाढी बरोबर, झोळी बरोबर. आम्ही हार घातला, फीत कापून घेतली, टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फोन लागला. चित्रकार अजून कॅसलरॉकलाच, गाडी लेट!

मी घाबरत विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

"मी बैलाचं औषध न्यायला आलतो."

"मग मामांबरोबर आलात कसे?"

"ते म्हनले, चला, समदे तुमचीच वाट बघत्यात. असं मला आजवर कुणी म्हनलं न्हाई. न्हाई कसं म्हनू?" हार काढून त्यांनी नीट गुंडाळला आणि झोळीत ठेवला. "आता जातो. घरी बैल वाट बघतोय."

खरे चित्रकार दुपारी पोचले. कापायला फीत उरली नव्हती. हातात ब्रश दिला!

*

भिंतीवर मोठा तिरंगा रंगवायचा होता. ऐन वेळी केशरी रंग संपला. दुकानं बंद. मी खोलीत येरझाऱ्या घालतेय, मॅडम कपाळाला हात लावून बसलेल्या.

कुळवाड्यांच्या गंगाअक्का उठल्या. बाहेरून तांबडी माती आणली, आमच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातला डबा उघडला, दोन्ही कालवलं आणि पट्टा ओढला. अगदी फक्कड केशरी!

मॅडम हरखल्या. "अक्का, हे तंत्र कुठं शिकलात?"

"तंत्र कसलं? घर सारवतो की आमी!"

दुपारी सगळ्यांना पांढरी आमटी मिळाली. हळद भिंतीवर गेली होती!

*

परसूमामांचं सगळं आयुष्य 'हात लावू नका' म्हणण्यात गेलंय. त्या दिवशी लोक मापं उचलून बघत होते, टोपल्या डोक्यावर घेत होते. मामांचा जीव खालीवर!

मॅडम म्हणाल्या, "मामा, आज लावू द्या हात. आज स्वातंत्र्य आहे."

"व्हय? मग मला सुट्टी द्या की!"

*

चौथीतल्या एका मुलीने 'स्वातंत्र्य' म्हणून बस काढली. मोठी, लाल. आत एकच डोकं.

"अगं, एवढ्या बसमध्ये एकटीच?"

"व्हय. आज मला खिडकी मिळालीया!"

*

मधल्या खोलीत आम्ही एक लांबलचक कापड अंथरलं होतं. त्यावर तालुक्याचा नकाशा. ज्याने त्याने आपापलं घर काढायचं. काळी नदी आणि सुप्याच्या धरणाचं पाणी चित्रकारांनी स्वतः, झोकात, निळं रंगवलं.

चारच्या सुमाराला रामनगरहून शेवंताआजी आल्या, नातसुनेचा हात धरून. धरणात बुडालेल्या गावांतली पुष्कळ माणसं गाड्यांत भरून रामनगरला नेऊन वसवली, त्यांतल्या त्या. नकाशाभोवती त्यांनी एक फेरी मारली, खाली बसल्या, पांढऱ्या रंगात बोट बुडवलं आणि थेट निळ्यावर घर काढलं.

मी म्हटलं, "आजी, तिथं पाणी आहे."

"ठाव हाय."

निळा अजून ओला होता. बघता बघता पांढऱ्यात निळं चढलं, घर दिसेनासं झालं.

"द्या आनखी पांढरा."

पुन्हा काढलं. पुन्हा निळं चढलं. चित्रकार पुठ्ठ्याने वारा घालायला लागले. मग मॅडमही. मामांनी खिडक्या उघडल्या. आजींनी तिसऱ्यांदा भिंती काढल्या, दार काढलं आणि वाकून त्यावर फुंकर घालत बसल्या.

बाहेर रामनगरच्या शेवटच्या बसने हॉर्न दिला. नातसून दारातून आत, आतून दारात. "आज्जी, उठा! गाडी सुटंल!"

आजींनी मान वर केली नाही.

"सुटू दे. मागल्या बारीला बी अशीच घाई केलती समद्यांनी."